पाट्याच्या कानातले रबर

मोटारदुरुस्तीच्या धंद्यात ज्याने बरीच वर्षे काढली आहेत त्याला एक गोष्ट अनुभवाने कळून चुकलेली असते, की गाडीच्या ज्या भागांची नावे मालकाला तोंडपाठ असतात त्या भागांवरच त्याचा पैसा प्रथम खर्च होतो, आणि ज्याचे नाव त्याच्या कानावर कधी गेलेले नसते असा एखादा स्वस्त व दृष्टीआडचा भाग वर्षानुवर्षे उपेक्षेत झिजत राहून साऱ्या गाडीचे स्वास्थ्य बिघडवीत असतो. इंजिन, क्लच, ब्रेक, शॉक अ‍ॅब्सॉर्बर ही नावे सर्वतोमुखी झाली आहेत. परंतु जुन्या गाड्यांच्या मागच्या पाट्यांच्या दोन्ही टोकांना, पोलाद वळवून केलेल्या कानांत, मुठीत मावेल एवढे जे रबर बसविलेले असते आणि ज्याच्या आधाराने गाडीचा मागचा सारा भार तोललेला असतो, त्या बुशाची चौकशी करीत आलेला मालक मला माझ्या कारकिर्दीत क्वचितच भेटला. या रबराविषयी, आणि ते बदलण्याच्या कामात जी एक बाब बहुतेक कारखान्यांतून बेफिकिरीने सोडून दिली जाते तिच्याविषयी, काही लिहून ठेवावे असे पुष्कळ दिवस मनात होते.

माझा कारखाना बुऱ्हाणपुरात, शनवाऱ्याकडून लालबागेला जाणाऱ्या रस्त्याच्या अंगाला आहे. तापीच्या उत्तर तीरावर फारुकी घराण्यातील नासिरखानाने १४०० च्या सुमारास वसविलेले आणि शेख बुऱ्हानुद्दीन या सूफी सत्पुरुषाच्या नावाने ओळखले जाणारे हे शहर राज्यकारभाराच्या दृष्टीने मध्य प्रदेशात मोडत असले, तरी भुसावळ-खंडवा लोहमार्गाने आणि रावेर-मुक्ताईनगरकडच्या सोयरिकींनी ते खानदेशाशी इतके बांधले गेले आहे, की आमच्यासारख्यांच्या घरात मराठी, बाजारात हिंदी आणि कारखान्यात उस्तादांची उर्दू ही वहिवाट येथे कुणालाच वेगळी वाटत नाही. दक्षिणेत उतरणारी मोगली लष्करे असीरगडाखालून ज्या वाटेने येथे येत त्याच वाटेने आजचा इंदूर-इच्छापूर रस्ता येतो, आणि त्या रस्त्यावरून कापूस, केळी व यंत्रमागाचे कापड वाहणाऱ्या ट्रकांच्या पाट्यांवरच माझा हात बसला.

त्या ट्रकांच्या पाट्यांना रबर नसे. त्यांच्या कानांत गनमेटलचा बुश, बुशातून जाणारी पोलादी पिन, आणि पिनेच्या टोकाशी ग्रीस भरण्याचे निप्पल, अशी रचना असे. ग्रीस वेळच्या वेळी पडले तर धातू धातूवर निर्वेध फिरे, आणि न पडले तर दोघेही एकमेकांना खाऊन टाकीत. माझ्या उस्तादांचा शिरस्ता असा होता, की सकाळी कारखाना उघडला की मालाची चौकशी करण्यापूर्वी पोराच्या हाती ग्रीसगन द्यायची. पुढे लहान मोटारींत रबराचे बुश आले ते या नित्याच्या तैनातीतून मालकाची सुटका करण्यासाठीच. ते तेल मागत नाहीत, ग्रीस मागत नाहीत, आवाज करीत नाहीत, आणि रस्त्याचे बारीक हादरे आपल्या अंगात जिरवून टाकतात. पण जे रोज काही मागत नाही ते कधीच काही मागणार नाही, असा एक चुकीचा समज त्यांच्या या गुणामुळे रूढ झाला, आणि त्याची किंमत जुन्या गाड्यांचे मालक आजही मोजीत आहेत.

ज्या कामाची हकीकत मला सांगायची आहे ते एका पद्मिनी मोटारीचे. पद्मिनी म्हणजे मूळची इटलीची फियाट ११००. सोलापूरच्या वालचंद हिराचंद यांनी १९४४ साली स्थापन केलेल्या प्रीमियर ऑटोमोबाइल्स या कंपनीच्या, मुंबईतील कुर्ल्याच्या कारखान्यात ती १९५४ पासून तयार होऊ लागली, १९७४ मध्ये तिला पद्मिनी हे नाव मिळाले, आणि शतक संपता संपता तिचे उत्पादन थांबले. १०८९ घनसेंटिमीटरचे इंजिन, पुढे कॉइल स्प्रिंगा आणि मागे अखंड अ‍ॅक्सलला धरून ठेवणारे दोन लांब पाटे, असा तिचा साधा, सरळ आणि कारागिराला चटकन उमजणारा बांधा आहे. मुंबईच्या काळ्यापिवळ्या टॅक्सींतील शेवटची नोंदलेली पद्मिनी २०२३ च्या ऑक्टोबरअखेर रस्त्यावरून उतरली, तेव्हा वृत्तपत्रांतून तिच्याविषयी पुष्कळ हळहळीने लिहिले गेले. ते योग्यच होते. परंतु खानदेशात, निमाडात आणि वऱ्हाडात ज्या खाजगी पद्मिनी अजून रोजच्या वापरात आहेत त्या काही इतिहासजमा झालेल्या नाहीत. त्यांची देखभाल करणारी माणसे आहेत, आणि त्यांना लागणाऱ्या सुट्या भागांची तजवीज करताना आम्हा कारागिरांची दमछाक होत असते.

गाडीचे मालक रावेरकडच्या एका गावी शाळेत मुख्याध्यापकी करून निवृत्त झालेले गुरुजी. खाजगी मोटारीची नोंदणी प्रथम पंधरा वर्षांची असते, आणि त्यानंतर दर पाच वर्षांनी गाडी परिवहन कार्यालयात नेऊन, तपासून घेऊन तिचे नूतनीकरण करावे लागते. १ एप्रिल २०२२ पासून त्या नूतनीकरणाचे शुल्क सहाशे रुपयांवरून पाच हजारांवर गेले होते. गुरुजींच्या गाडीची ती मुदत जवळ आली होती, आणि पाच हजार भरून गाडी नापास झाली तर काय, या विवंचनेने ते आले होते.

"मिस्त्री, मागून काहीतरी आदळतं बघा," त्यांनी खुर्चीवर टेकता टेकता कैफियत मांडली. "गतिरोधक आला की खाडकन आवाज. आणि वळणावर गाडी मागून कुणी बाजूला लोटल्यासारखी सरकते."

"शॉक अ‍ॅब्सॉर्बर पाहिलेत का, गुरुजी?"

"दिवाळीत नवे घातले की! आमच्या तिकडच्याच एका कारखान्यात. पैसे गेले, आवाज जागच्या जागी."

हे उत्तर मला अपेक्षितच होते. मागून आवाज आला की शॉक अ‍ॅब्सॉर्बर बदलायचे, हा उपचार इतका अंगवळणी पडला आहे, की त्यात खाली वाकून पाहण्याचेही कष्ट कुणी घेत नाही. शॉक अ‍ॅब्सॉर्बरांची जोडी काही हजारांत जाते. बुश काही शेकड्यांत येतात. कारागिराच्या लबाडीपेक्षा त्याच्या घाईने मालकांचे अधिक नुकसान झालेले मी पाहिले आहे, आणि म्हणूनच तपासाची पायरी मी कुणालाही ओलांडू देत नाही.

अशा तक्रारीत पुष्कळ कारागीर प्रथम गाडी जॅकवर उचलतात. उस्तादांना ते मुळीच मान्य नसे. "गाड़ी को खड़ी रहने दो, वो खुद बोलेगी," असे ते म्हणत, आणि त्या म्हणण्यात मोठे तथ्य होते. कारण गाडी उचलली की पाटे मोकळे होतात, कानांवरचा भार नाहीसा होतो, आणि जो दोष भाराखालीच प्रकट व्हायचा तो नेमका भार काढल्यामुळे लपतो. मी गाडी जमिनीवरच ठेवली, पुढच्या चाकांना उट्या लावल्या, पोराला डिकीच्या कडेवर दोन्ही हात टेकवून गाडी दाबायला आणि आडवी हलवायला सांगितले, आणि स्वतः पोत्यावर पाठ टेकून बॅटरी हातात घेऊन खाली शिरलो.

डाव्या पाट्याच्या पुढच्या कानाकडे प्रकाश टाकला तेव्हा फार शोधावे लागले नाही. वास्तविक बोल्ट कानाच्या बरोबर मध्यावर असावा आणि त्याच्या सभोवार रबराचे सारख्या जाडीचे कडे दिसावे. येथे बोल्ट पार खाली बसला होता. त्याच्याखाली रबराचा जेमतेम पापुद्रा उरला होता, वरच्या बाजूस नख जाईल एवढी फट पडली होती, आणि कडेने बाहेर आलेल्या रबराला आडव्यातिडव्या भेगा गेल्या होत्या. कानाच्या ओठावर काळी, बारीक भुकटी साचली होती, आणि त्या भुकटीखाली ब्रॅकेटचा एक ठिपका आरशासारखा लखलखत होता. पोलाद पोलादावर घासत आल्याची ती खूण. पोराने गाडी दाबली की त्या ठिपक्यावर कान टेके आणि गुरुजींनी सांगितलेला तो आवाज, थोडासा मंद होऊन, माझ्या डोक्याच्या वर उमटे. मी बाहेर येऊन गुरुजींना खाली वाकून पाहण्याची विनंती केली. ज्याचा पैसा खर्च व्हायचा त्याला दोष डोळ्यांनी दिसला पाहिजे, हा माझा आग्रह आहे, आणि वयाला न जुमानता गुरुजींनीही तो मानला.

मागच्या पाट्याचा पुढचा कान हे काही साधेसुधे ठिकाण नव्हे. इंजिनाची शक्ती मागच्या चाकांपर्यंत पोचते आणि चाके जमिनीला रेटतात हे सर्वांना ठाऊक असते. पण चाकांचा तो रेटा गाडीच्या अंगाला कोठून मिळतो, हा प्रश्न सहसा कुणी विचारीत नाही. पद्मिनीसारख्या गाडीत तो याच पुढच्या कानांतून मिळतो. गाडी पुढे ढकलली जाते ती या दोन बोल्टांच्या द्वारे, आणि ब्रेक लावल्यावर मागची चाके तिला मागे खेचतात तीही याच दोन बोल्टांना धरून. मागचा कान मात्र शॅकलच्या दोन पट्ट्यांमध्ये झुलता ठेवलेला असतो, कारण पाटा दबला की त्याची लांबी वाढते आणि त्या वाढीला कोठेतरी वाट हवी असते. पुढचे रबर गेले म्हणजे अ‍ॅक्सल जागेवरून हलू लागतो. मागचे गेले म्हणजे शॅकल आडवा डुलू लागतो. गुरुजींच्या गाडीत डावीकडची दोन्ही गेली होती आणि उजवीकडची त्या मार्गावर होती.

तरीही खातरजमा व्हावी म्हणून मी उस्तादांची जुनी रीत अवलंबिली. ओळंबा घेऊन चारही चाकांच्या मध्यबिंदूंतून खाली फरशीवर खडूच्या खुणा केल्या, गाडी पुढे ढकलून बाजूला घेतली, आणि पुढच्या व मागच्या खुणांमधले अंतर दोन्ही बाजूंनी फितीने मोजले. डावीकडचे अंतर उजवीकडच्यापेक्षा करंगळीच्या रुंदीइतके कमी भरले. म्हणजे गाडीचे तोंड सरळ रस्त्याकडे असताना मागचा अ‍ॅक्सल तिरका उभा होता, आणि गुरुजी स्टिअरिंग किंचित वळते धरून ती चूक नकळत दुरुस्त करीत आले होते. "उजवा खांदा दुखतो तो यानेच की काय!" असे ते म्हणाले. तसे ठामपणे सांगण्याचा मला अधिकार नाही; परंतु मागच्या टायरांच्या कडा एकसारख्या झिजलेल्या नव्हत्या, हे मी त्यांना दाखविले.

येथे या बुशाच्या अंतरंगाविषयी थोडे सांगणे अगत्याचे आहे, कारण पुढची सारी हकीकत त्यावर अवलंबून आहे. चार्ल्स गुडइयर या अमेरिकन माणसाने १८३९ साली गंधकाच्या साहाय्याने रबर शिजविण्याची युक्ती शोधून काढली, तेव्हापासून रबर हे उन्हात चिकट आणि थंडीत ठिसूळ होणारे द्रव्य न राहता यंत्राच्या कामाचे झाले. पुढच्या कानातल्या बुशात एक बारीक पोलादी नळी आत, एक मोठी नळी बाहेर, आणि दोहोंच्या मध्ये दाबून बसविलेले रबर असते. आतली नळी बोल्टाने ब्रॅकेटमध्ये इतकी घट्ट आवळली जाते, की ती फिरूच शकत नाही. बाहेरची नळी पाट्याच्या कानात तितकीच घट्ट बसते. मग पाटा खालीवर झाला की फिरते काय? काहीच फिरत नाही. मधले रबर पिळले जाते, आणि पाटा पूर्ववत झाला की पीळ उलगडतो. धातू धातूवर घसरत नाही, रबरही कशावर घसरत नाही, आणि म्हणूनच तेलाची गरज पडत नाही. ज्याला हे एकदा समजले त्याला बुश बदलण्याचे काम कसे करावे हे निम्मे समजले.

बोल्टांना मी आदल्या संध्याकाळी तारेचा ब्रश मारून, रॉकेलमध्ये थोडे तेल मिसळून त्याचे थेंब नटांच्या आट्यांवर सोडून ठेवले होते, रबराला ते लागणार नाही अशा बेताने. गॅसची ज्योत लावून गंजलेला नट सोडविणे हे कामाला झटपट असते खरे. पण पेट्रोलची टाकी मागेच असलेल्या गाडीखाली ज्योत नेणे मी कदापि पसंत करीत नाही. दुसऱ्या दिवशी गाडी उचलून अंगाखाली दोन्ही बाजूंना घोड्या दिल्या आणि अ‍ॅक्सलखाली वेगळा जॅक लावला. पाटा हा ताणलेल्या अवस्थेत मोठी शक्ती धरून बसलेला असतो, आणि त्या अवस्थेत शॅकल सोडणाऱ्याचा हात कामातून जाऊ शकतो. म्हणून जॅक थोडा वर, थोडा खाली करीत अशी जागा शोधावी लागते, की जेथे बोल्टावर ना वरून दाब ना खालून ओढ. ती जागा सापडली की घट्ट असलेला बोल्ट दोन बोटांनी फिरतो. हातोड्याने बोल्ट ठोकून काढणाऱ्या कारागिराने ती जागा शोधलेली नसते, असे खुशाल समजावे.

उजवीकडचा बोल्ट असा सुखासुखी निघाला. डावीकडचा मात्र आतल्या नळीशी गंजून एकजीव झाला होता, आणि त्याला कान व ब्रॅकेट यांच्या मधल्या फटीत करवतीचे पान घालून दोन्ही बाजूंनी कापावे लागले. पाटा खाली उतरवून शिकंज्यात धरला, रबराला ड्रिलने भोके पाडून ते आतल्या नळीसह बाहेर काढले, आणि मग बाहेरच्या नळीची पाळी आली. ही नळी कानात इतकी रुतून बसलेली असते, की ठोकून काढू गेल्यास कानच उघडण्याचा संभव. तेथे हॅकसॉचे पान चौकटीतून सोडवून कानातून आरपार ओवायचे, पुन्हा चौकटीत ताणायचे, आणि आतल्या बाजूने नळीला लांबीच्या दिशेने एकच चीर पाडायची. नळीची जाडी संपून पाट्याचे पोलाद सुरू होते तो क्षण हाताला कळला पाहिजे: नळी मऊ असते, तिचा कीस सहज पडतो आणि आवाज भरीव येतो, पाट्याचे पोलाद लागले की पान घसरते आणि आवाज एकदम चिरका होतो. त्या आवाजावर हात थांबला नाही तर पाट्याच्या कानात चर पडतो, आणि पुढे कधीतरी भरल्या गाडीखाली पाटा त्याच चरातून मोडतो. चीर पडल्यावर अणकुचीदार छन्नीने नळीची कड आत दुमडली की ती आपोआप सैल होते. हे काम पोराला शिकवताना मी त्याला डोळे मिटून करवत ओढायला सांगतो.

बुश नवे मिळेपर्यंत मध्ये काही दिवस गेले, आणि त्या अवधीत एक मसलत झाली. यंत्रमागांचे सुटे भाग बनविणारे लेथवाले आमच्या शहरात पुष्कळ आहेत. नायलॉनवर त्यांचा हात चांगला बसलेला आहे. त्यांपैकी एक जुने स्नेही, पाटे उघडे पडलेले पाहून, मोठ्या आपुलकीने म्हणाले, "उस्ताद, नायलॉनचे चार बुश संध्याकाळपर्यंत काढून देतो. मुंबईची वाट कशाला पाहता? गाडी मोडेल, पण बुश झिजणार नाही." त्यांचे शब्द अक्षरशः खरे होते, आणि हरकतही मी तेवढ्याच कारणाने घेतली. नायलॉन पिळले जात नाही आणि हादरा गिळीत नाही. रबराने जो आघात स्वतःच्या अंगावर घ्यायचा तो नायलॉन जसाच्या तसा ब्रॅकेटला पोचवितो, आणि ब्रॅकेट गाडीच्या पातळ पत्र्याच्या अंगाला जोडलेले असते. पद्मिनीला ट्रकासारखी वेगळी चासी नाही. पत्राच तिचा सांगाडा आहे. बुश झिजला तर काही शेकड्यांत नवा मिळतो, पत्रा ब्रॅकेटपाशी फाटला तर वेल्डिंगच्या ठिगळांनी ती गाडी पूर्ववत होत नाही. ज्या भागाने झिजावे म्हणूनच तो घातलेला आहे त्याला झिजू द्यावे, असे माझे मत आहे, आणि ते मी त्यांना तसेच सांगितले.

मुंबईहून आलेल्या बुशांतही पारख करावी लागतेच. नकली मालाचे रबर भंगारातले असते. त्याला डांबरासारखा वास येतो, आणि नखाने दाबल्यावर खळगी भरून येत नाही. त्याहून महत्त्वाची खूण अशी, की आतली नळी बाहेरच्या नळीपेक्षा दोन्ही अंगांनी किंचित लांब असली पाहिजे, म्हणजे बोल्ट आवळताना ब्रॅकेट नळीवर बसते, रबरावर नाही. आलेल्या संचापैकी एक बुश या कसोटीला उतरला नाही म्हणून परत रवाना केला. बाकीचे, कान पॉलिश कागदाने आतून साफ करून, साबणाच्या पाण्याचा हात फिरवून, शिकंज्यात सरळ धरून दाबले. दाब फक्त बाहेरच्या नळीच्या कडेवर पडेल अशा बेताने कापलेला पाइपाचा तुकडा मध्ये घेतला. शॅकलची रबरे दोन दोन अर्ध्यांची असतात, ती हाताने बसतात. शॉक अ‍ॅब्सॉर्बर चांगले होते. त्यांना हातही लावला नाही.

पाटे चढले, बोल्ट ओवले, नट हाताने लागतील तेवढे लागले. गाडी अजून घोड्यांवर होती, मागची चाके अधांतरी लोंबत होती, आणि दिवस मावळतीला आला होता. पोराने पाना लावला आणि विचारले, "काका, इथंच आवळून टाकू? खाली उतरवल्यावर पाना आत जात नाही."

या एका प्रश्नात आमच्या धंद्यातली सगळी दिरंगाई आणि सगळी घाई एकत्र आली आहे. त्याचे म्हणणे सोयीचे होते, आणि बहुतेक ठिकाणी तसेच केले जाते. मी त्याला जवळ बसवून समजावले. चाके लोंबत असताना पाटा खाली वाकलेला असतो आणि कान एका कोनात उभा असतो. त्या स्थितीत बोल्ट आवळला की आतली नळी त्या कोनात कायमची जखडली जाते. मग गाडी जमिनीवर उतरविली, तिचे वजन पाट्यावर आले, कान फिरला, आणि रबराला पीळ बसला. गाडी अजून कारखान्याच्या दाराबाहेर पडलेली नाही तोच. यापुढे ती घरासमोर नुसती उभी असली तरी ते रबर ओल्या धोतरासारखे पिळलेलेच राहणार, आणि रस्त्यावरचा प्रत्येक खड्डा त्या पिळात आणखी भर घालणार. जे रबर बरीच वर्षे टिकायचे ते मग अवेळी फाटते, आणि मालक म्हणतो, हल्लीचा मालच खराब. माल खराब नसतो. त्याला विश्रांतीची जागा दिलेली नसते. रबराची विश्रांती कोठे असावी हे ठरविण्याचा अधिकार कारागिराला एकदाच, त्या शेवटच्या आवळण्याच्या वेळी, मिळतो; ती जागा म्हणजे गाडी आपल्या चारही चाकांवर, नेहमीचा भार घेऊन उभी असेल ती.

पाना आत जात नाही या अडचणीला इलाज आहे. माझ्याकडे बाभळीचे चार रुंद ठोकळे आहेत. घोड्या काढून चारही चाके त्या ठोकळ्यांवर उतरविली, उट्या लावल्या, म्हणजे गाडीही चाकांवर आणि खाली माणूस शिरायला जागाही. दुसऱ्या दिवशी सकाळी गुरुजी आले तेव्हा मी त्यांना मागच्या आसनावर बसण्याची विनंती केली, कारण त्यांच्या गाडीत मागे बहुधा कुणीतरी असतेच. बाजूला पोराला बसविले. गाडी दोनचार वेळा दाबून पाटे आपल्या जागी बसू दिले, आणि मग पुढचे बोल्ट, शॅकलचे नट आणि अखेरीस पाटा अ‍ॅक्सलला बांधणारे यू-बोल्ट, या क्रमाने पूर्ण जोराने आवळले. वर गुरुजी त्या पोराला त्याची इयत्ता आणि शाळा विचारीत होते, खाली मला त्यांचे बोलणे ऐकू येत होते. पोर आठवीनंतर शाळेत गेलेला नाही हे कळल्यावर त्यांनी त्याला दहावीचा अर्ज बाहेरून भरण्याविषयी जे सांगितले ते फार मोलाचे होते. तो अर्ज भरण्याची जबाबदारी मी घेतली आहे.

ओळंब्याने पुन्हा मोजले; दोन्ही बाजू सारख्या भरल्या. मग गुरुजींनाच चालवायला दिले. लालबागेपलीकडे, मोगल सरदार खानखानान याच्या काळात १६१५ साली बांधलेल्या भूमिगत जलव्यवस्थेच्या कुंड्या जेथे एका रांगेत जमिनीतून डोकावतात त्या बाजूचा रस्ता मी परीक्षेसाठी मुद्दाम निवडतो, कारण तो पुरेसा खडबडीत आहे आणि त्यावर रहदारी थोडी असते. गतिरोधकावर मागची चाके चढली, उतरली, आणि टायरांच्या दबक्या धपकीखेरीज काही ऐकू आले नाही. वळणावर गाडी पुढच्या चाकांच्या मागोमाग आली. गुरुजींनी दोन्ही हातांची पकड सैल केली आणि गाडी सरळ गेली, तेव्हा ते काही बोलले नाहीत. परतताना मात्र त्यांनी नेहमीपेक्षा लांबचा रस्ता घेतला. पुढे परिवहन कार्यालयातील तपासणीतून गाडी पार पडली आणि तिची नोंदणी पाच वर्षांनी वाढली. काही शे किलोमीटर झाल्यावर मी ती परत बोलावून, तशीच चाकांवर उभी करून, सगळे नट एकदा पुन्हा तपासले. नव्या बुशांच्या बाबतीत ही दुसरी हजेरी चुकवू नये.

आता वाचकांपैकी ज्यांच्याकडे अशी जुनी गाडी असेल त्यांना दोन गोष्टी सांगायच्या आहेत. गाडी धुऊन झाल्यावर खालून डिझेल किंवा जळके तेल फवारण्याची जी पद्धत आपल्याकडे सर्रास आहे ती या रबराला विषासमान आहे. खनिज तेलाने नैसर्गिक रबर फुगते, मऊ पडते आणि त्याची ताकद जाते. वैशाखात आमच्या भागात पारा पंचेचाळिसाला टेकतो, त्या उन्हात तर हे काम आणखी लवकर होते. पाटे कुरकुरतात म्हणून तेल मारायचेच असेल तर ते पाट्यांच्या मध्ये ब्रशने लावून घ्या, कानांना स्पर्श होऊ देऊ नका, आणि फवारणी करणाऱ्याला ती आधीच स्पष्ट नको म्हणून सांगा. दुसरे असे, की बुश कुणाकडूनही बदलून घ्या, पण पैसे देण्यापूर्वी त्याला एवढे अवश्य विचारा: शेवटचे आवळणे गाडी चाकांवर उभी असताना केले ना? केले नसेल तर बोल्ट तेथेच ढिले करून, गाडी जमिनीवर ठेवून, ते पुन्हा आवळून घ्या. त्याला फार तर अर्धा तास लागतो.